घोटवडेकरांनी गाळलेलं वाक्य

घोटवडेकर काका गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं तेव्हा मी चष्म्याच्या दुकानात होते. ‘अरेरे’ म्हटलं, कधी, कसं, तेही विचारलं, आणि फोन ठेवून तिथल्या स्टुलावर बसून राहिले. दुकानदाराने विचारलं, “कोण होते?” मला सांगता येईना. नात्यातले नव्हते. स्नेही म्हणावं, तर ज्यांच्या लिखाणानंतर माझे वडील तुरुंगात गेले त्यांना स्नेही कसं म्हणायचं?

काका पोलिसांच्या गुप्तवार्ता गोळा करणाऱ्या खात्यात लघुलेखक होते. कुठल्या सभेत कोण काय बोललं ते उतरवायचं आणि वर पाठवायचं, हे त्यांचं काम. येत साध्या कपड्यांत, पण पायातले तपकिरी बूट सरकारी असत, त्यामुळे हे गृहस्थ कोण ते सगळ्या सभेला ठाऊक असे. माझे वडील, अण्णा, शाळेत इतिहास शिकवत आणि नारायण पेठेतल्या एका छोट्या वाचनालयात महिन्यातून एकदा व्याख्यान देत. शेवटच्या रांगेत वही घेऊन बसलेले काका त्यांना पहिल्यांदा दिसले, तेव्हा बोलता बोलता थांबून ते म्हणाले, “अहो, आपण पुढे येऊन बसा. मागून चुकीचं ऐकलंत तर आत मी जाईन.” लोक हसले. काका निमूटपणे पुढे येऊन बसले, आणि मग पुढेच बसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी हजर. व्याख्यानातले दोन संस्कृत श्लोक त्यांना नीट उतरवता आले नव्हते आणि त्यांचे साहेब अशुद्ध लिखाणावर चिडत. अण्णांनी श्लोक सांगितलेच, वर उरलेला मजकूरही लाल पेन्सिलीने तपासून दिला. तेव्हापासून तसा पायंडाच पडला. काका अहवाल घेऊन येत, अण्णा स्वतःवरचाच अहवाल शुद्ध करून देत, आई चहा-पोहे करी. आपल्यावर पाळत ठेवणारा माणूस आपल्याच घरी पोहे खातोय, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मला तर लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असा एक माणूस येत असेल.

आणीबाणी लागली तेव्हा मी कॉलेजात होते. आजूबाजूची व्याख्यानं बंद पडली होती, आणि अण्णांनी विषय घेतला ‘राजे आणि त्यांचे हेर’. तासभर जुना इतिहास सांगून झाल्यावर ते म्हणाले, “जो राजा आपल्याच माणसांवर हेर नेमतो, त्याला शत्रूकडे बघायला सवड उरत नाही. हे मी फक्त जुन्या काळाबद्दल बोलतोय, असं समजू नका.” टाळ्या पडल्या नाहीत. लोक भराभर चपला शोधू लागले.

सकाळी काका आले. मी त्याच खोलीत अभ्यासाला बसले होते. अण्णांनी सगळी पानं वाचली आणि शेवटचं वाक्य राहिलंय म्हणाले.

“ते मला ऐकू आलं नाही, सर.”

“पहिल्या रांगेत होतात.”

“पंख्याचा आवाज होता.”

अण्णांनी ते वाक्य लाल पेन्सिलीने समासात लिहिलं आणि पानं परत दिली. काकांनी ती घडी करून खिशात ठेवली. चहा न घेताच गेले. आठवड्याभरात पोलीस अण्णांना घेऊन गेले... ते वर्षाहून जास्त आत होते.

सुटून आल्यावर अण्णांनी पुन्हा व्याख्यान दिलं. काका पुन्हा समोर बसले, सकाळी पुन्हा अहवाल घेऊन आले, आणि अण्णांनी तो पुन्हा तपासला. जणू मध्ये काही झालंच नव्हतं. आई मात्र काका आले की आत निघून जाई. चहा मला करावा लागे. मी आईच्या बाजूची होते, पण अण्णा आणि काका व्याकरणावरून वाद घालताना हसत, तेव्हा मीही हसत असे.

अण्णा गेल्यानंतर एकदा बागेतल्या बाकावर मी काकांना विचारलं, ते वाक्य तुम्ही वर पाठवलंत का? ते म्हणाले, “पाठवलं. सरांचं अक्षर होतं. मी कोण खोडणार?” मग म्हणाले, पकडायच्या लोकांची यादी आधीच तयार झाली होती, त्या वाक्याने काही फरक पडला नाही, असं त्यांना मागाहून कळलं. हे खरं होतं, की माझी समजूत घालणं होतं? मी रागाने उठून आले. आणि त्या दिवाळीला त्यांच्याकडे फराळाचा डबाही घेऊन गेले.

आई आता नव्वदीत आहे. काका गेल्याचं तिला सांगायला मी चार दिवस लावले. ती मेथी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “अण्णा आत असताना ते यायचे. दर पंधरा दिवसांनी, तू कॉलेजात गेलीस की मागच्या जिन्याने. अण्णांची तब्येत कशी आहे ते सांगायचे. रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन जायचे.”

मी विचारलं, मग नंतर त्यांच्याशी एक शब्द का बोलली नाहीस? ती म्हणाली, कुणाला कळलं तर त्यांची नोकरी गेली असती, म्हणून तेव्हा गप्प राहिले. नंतर गप्प राहिले ते रागाने. गोळ्या पोचवल्या म्हणून काय झालं, तो कागद कुणी नेला होता? ज्या घरात मी वाढले, तिथे आईही इतकी वर्षं एक गुपित सांभाळत होती, आणि मला त्याचा वाससुद्धा आला नाही.

मेथी निवडून झाल्यावर तिने स्वयंपाकघराच्या मागच्या दाराकडे पाहिलं.

“तिथे, उंबऱ्याबाहेर उभे राहूनच बोलायचे. मी कधी आत बसा म्हटलं नाही,” ती म्हणाली. “म्हणायला हवं होतं का गं?”