रोज न चुकता घेतलेली गोळी

आमचे हे तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासत होते. निवृत्तीनंतर चुका काढायला घरात एकटी मीच उरले. त्यात ह्यांना रक्तदाब. लेकीने गोळीची आठवण करून देणारं अ‍ॅप बनवलं, तेव्हा मला हायसं वाटलं. ते सगळ्यांसाठी मोफत आणि खुलं आहे. वापरणारे सूचना पाठवतात आणि ती त्याप्रमाणे सुधारणा करते.

अ‍ॅपमध्ये ह्यांची गोळी रोज घेतलेली दिसायची, पण रक्तदाब काही उतरेना. माझ्या जिवाला घोर लागला.

परवा जेवताना लेक म्हणाली, "आई, टोपणनावाने लिहिणारा एक गृहस्थ फार कामाच्या सूचना पाठवतो. आज लिहितो, 'गोळी घेतली' हे बटण दाबल्याशिवाय घंटा थांबतच नाही, म्हणून मी गोळी न घेताच ते दाबतो. 'नंतर' असं वेगळं बटण द्या."

ह्यांचा घास हातातच राहिला. लेकीने ते बरोबर हेरलं.

"भाषा मात्र गचाळ आहे हो त्याची, बाबा."

"गचाळ? चारदा तपासून पाठवलंय मी!"

मी गोळी आणि पाणी पुढे केलं.

"पण सूचना रास्त आहे की नाही?" गोळी गिळून ह्यांनी विचारलं.

रास्तच होती. लेकीने कालच 'नंतर'चं बटण दिलं. फक्त ते दुसऱ्यांदा दाबलं, की घंटा माझ्या फोनवर वाजते. ती सूचना माझी, आणि मी ती स्वतःच्या नावाने पाठवली.