पऱ्हाटीच्या काढ्यातले जीव

आमच्या वडवणीकडं कापूस वेचून झाला की शेतात नुसती पऱ्हाटी उभी राहते. आधी तिच्यात शेळ्या-मेंढ्या सोडतात, त्या पानं आणि कच्ची बोंडं ओरबाडून खातात. मग काटक्या उपटून बांधावर ढीग घालायचा, थोड्या चुलीला न्यायच्या आणि बाकीच्या पेटवून द्यायच्या. माझे वडील मेंढरं राखतात. लहानपणी त्यांच्यामागं फिरताना हा धूर मी पुष्कळ खाल्लाय. बीडच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागल्यावर काहीतरी संशोधन करावं असं वाटलं, तेव्हा सगळ्यात आधी आठवल्या त्या याच काटक्या. यांच्यातली साखर मोकळी करून तिचं अल्कोहोल करता येईल का? यात नवीन काही नव्हतं, जगभर लोक करतातच. पण आपल्या बांधावरच्या काटकीतून ते निघताना मला डोळ्यांनी बघायचं होतं.

जोडीला माझी मैत्रीण होती. ती त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मूळची गेवराईची, तिचे वडील तिथं बसस्टँडजवळ फळांचा गाडा लावतात.

माझ्या वडिलांनी मोटारसायकलवर पऱ्हाटीचा भारा आणून टाकला.

"काय करणार याचं?"

"शिजवणार, आबा."

"कावून गं? सरपण शिजवून खायचे दिवस आले व्हय?" असं म्हणून ते हसत परत गेले.

काटक्या भरडून, पातळ आम्लात भिजवून आम्ही त्या ऑटोक्लेव्हमध्ये तापवल्या. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच. आमच्याकडच्या कुकरच्या झाकणाचं रबर झिजलेलं होतं. एका दुपारी कडेनं वाफ सुटली आणि खोलीभर बदामाचा वास पसरला. भट्टीतून नुकती काढलेली नानकटाई असावी तसा. इतका गोड वास की मी नाक पुढं करून हुंगला. क्षणभरात डोळ्यांत मिरची गेल्यासारखी आग झाली, घसा आवळला, डोकं ठणकायला लागलं.

"बाहेर हो!" मैत्रिणीनं माझा दंड धरून ओढलं. दोघी व्हरांड्यात जाऊन खोकत बसलो. डोळे धुऊन धुऊन लाल झाले होते.

"फरफुराल हाय ते," ती म्हणाली. "काटकीतली साखर आम्लात जास्त तापली की तिचंच हे होतं."

"साखरेचंच?"

"साखरेचंच. तिच्यातलं पाणी निघून गेलं की झालं इख."

ज्या काढ्यात मी जीव वाढवणार होते, त्यात त्यांचं अन्न आणि त्यांचं विष एकाच साखरेतून तयार झालं होतं. त्या दिवशी मी नुसतीच डोळे पुसत होते. याचा अर्थ मला पुढं हळूहळू कळत गेला.

काढा गार केला, चुन्यानं त्यातलं आम्ल मारलं आणि बेकरीत वापरतात ते यीस्ट टाकलं. काही झालं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या आधी आम्ही थेंबात निळा रंग मिसळतो. मेलेली पेशी रंग शोषून निळी होते. जिवंत पेशी तो रंग घालवून टाकते आणि पांढरी स्वच्छ राहते. माझ्या काचेवर सगळ्या निळ्या टिकल्या सांडल्या होत्या. फरफुराल पेशीत शिरतं, तिच्या श्वासाची, पचनाची यंत्रं बंद पाडतं, पडदे फाडतं, थेट जनुकांपर्यंत पोचतं, हे मी वाचलं होतं. वाचणं वेगळं आणि ती निळी रांगोळी बघणं वेगळं.

"याच्याहून चिवट कुणीतरी पायजे," मी म्हणाले.

"अब्बांच्या गाड्याखाली मिळंल," मैत्रीण म्हणाली.

सीताफळांचे दिवस होते. बालाघाटच्या डोंगरातून फळं येत होती आणि गाड्याखाली फुटक्या, आंबलेल्या सीताफळांवर माश्या घोंगावत होत्या. मी ती मागितली तर तिचे वडील हैराण झाले.

"सडी हुईच होना? अच्छी ले जाव ना बेटी."

"नाही चाचा, सडकीच द्या."

त्यांनी डोक्याला हात लावला, सडकी फळं पिशवीत भरली आणि वर दोन चांगली ठेवली. "ये खाने के वास्ते," म्हणाले.

त्या सडक्या गरातून मी यीस्ट वेगळं केलं. आधी त्याला पाण्यात पातळ केलेल्या काढ्यात वाढवलं, मग थोड्या दाट, मग आणखी दाट. दर वेळी पुष्कळ मरायचं, जे उरायचं ते पुढं न्यायचं. शेवटी नुसत्या काढ्याचा फ्लास्क भरला आणि त्यात ते सोडलं.

काढा तसाच राहिला. चहासारखा तपकिरी, नितळ, आणि तळाशी पांढुरका गाळ. फेस नाही, बुडबुडा नाही. रोज येऊन मी उजेडात धरून बघायचे. विभागप्रमुख सरांनी एकदा बघितलं आणि मायेनंच म्हणाले, "मॅडम, मेलंय ते. फ्लास्क मोकळा करा, प्रॅक्टिकलला लागेल."

मी तो धुवायलाच घेतला होता. मैत्रीण म्हणाली, "थांब, जरा वास घे."

आता मी लांबूनच घेतला. बदाम कमी झाला होता.

फरफुराल ओळखायची एक जुनी रीत आहे. ॲनिलीन नावाच्या रसायनात भिजवलेल्या कागदाला ते लागलं की कागद गुलाबी होतो. तिनं कागद भिजवून आणला. ताज्या काढ्यात बुडवला तर तो डाळिंबाच्या दाण्यासारखा लालबुंद झाला. आमच्या फ्लास्कमधल्या थेंबानं मात्र फिकट गुलाबी.

"उडून तर गेलं नसेल?" मी विचारलं.

तिनं शेजारचा फ्लास्क उचलला. तोच काढा, तितक्याच दिवसांचा, तसंच कापसाचं बूच लावलेला, फक्त त्यात यीस्ट नव्हतं. त्यात कागद बुडवला. लालबुंद.

म्हणजे ते उडालं नव्हतं, आमच्या फ्लास्कात कुणीतरी ते संपवत होतं. मग मी घाईघाईनं तळाचा गाळ घेतला, निळा रंग मिसळला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काही पेशी निळ्या होत्या. बाकी सगळ्या पांढऱ्या, स्वच्छ, काठोकाठ भरलेल्या.

"जित्त्या हायेत," मी ओरडले. उत्तेजित झाले की माझी वडवणी बाहेर येते. "अगं, जित्त्या हायेत सगळ्या!"

त्या मेल्या नव्हत्या, स्वस्थही बसल्या नव्हत्या. वाढायला, फुटवे काढायला लागणारी सगळी शक्ती त्यांनी दुसऱ्याच कामाला लावली होती. फरफुरालचा एकेक रेणू आत घ्यायचा, त्याला हायड्रोजन जोडायचा आणि त्याचं कमी विखारी अल्कोहोल करून बाहेर सोडायचं; आम्हाला हवं होतं ते नव्हे, वेगळ्याच जातीचं. आजूबाजूला इतकी साखर असून वाढायचं नाही. आधी ज्यात राहायचं ते पाणी राहण्याजोगं करायचं. हे सगळं मी वर्गात लांबचलांब नावांनिशी शिकवते. पण त्या दुपारी माझ्या अंगावर काटा आला. ज्याच्या नुसत्या वाफेनं मी व्हरांड्यात पळाले होते, त्यात त्या बुडून बसल्या होत्या आणि काम करत होत्या. त्यांना डोकं नाही, डोळे नाहीत, पळायला पाय नाहीत.

कागद रोज फिका होत गेला. एका सकाळी तो पांढराच निघाला. दुसऱ्या दिवशी काढा गढूळ झाला होता, वर फेसाची साय धरली होती आणि तळातून बुडबुड्यांच्या माळा चढत होत्या. सर आले, वाकून बघितलं. मग स्वतःच खुर्ची ओढून सूक्ष्मदर्शकाशी बसले.

आबा बाजाराला बीडला आले होते, त्यांनाही बोलावून घेतलं. एक डोळा कसा मिटायचा ते त्यांना जमेना. मैत्रिणीनं आपल्या तळहातानं त्यांचा डोळा झाकला. प्रत्येक पेशीला छोटा कोंब फुटलेला होता.

"समद्या गाभण हायेत का?" त्यांनी विचारलं.

"तसंच म्हणा."

"आन् हे पऱ्हाटीवर जगत्यात?"

"तुम्ही आणलेल्याच."

ते पुन्हा वाकले. उठायचं नावच घेईनात.

अल्कोहोल निघालं ते थोडंच. वाटीभरसुद्धा नाही. त्यावर एक छोटा शोधनिबंध लिहिला, छापून आला, तेवढंच. पण खरी गोष्ट त्यानंतर घडली. त्याच यीस्टची पिलावळ मी कागद लालबुंद करणाऱ्या ताज्या काढ्यात टाकली. या वेळी त्यांनी तितके दिवस घेतलेच नाहीत. आम्ही वाट बघायची तयारी करतोय तोवर काढा गढूळ. कळ सोसलेल्या होत्या त्या आया. या लेकींनी तर ते विष कधी बघितलंही नव्हतं.

"यांना कुणी सांगितलं?" मैत्रिणीनं विचारलं. ती रसायनवाली, तिला वाटलं मला माहीत असेल.

काही कारणं मला माहीत होती, ती मी सांगितली. निवडून निवडून चिवटच उरलेल्या, जनुकांत पडलेले फरक, आधीच जागी झालेली यंत्रं. ती मान डोलवत होती. सांगता सांगता मीच थांबले आणि पुन्हा काचेवर वाकले. एक कोंब नुकताच आईपासून सुटत होता.