आधी कोळसा कुणी सोडायचा

आमच्या कारखान्याचा बॉयलर कोळशावर चालायचा. मी त्या बॉयलरवर कामाला होतो आणि तो कोळसा बंदरावरून आणणारा एक ट्रक माझ्या ताईच्या नवऱ्याचा होता. म्हणजे दोन्ही घरच्या चुली त्या कोळशावरच. त्यामुळे धूर कमी करायला कंपनीने कोळसा बंद करून भुशाच्या दाबलेल्या कांड्या जाळायचं ठरवलं, तेव्हा ती बातमी दाजींना मीच सांगणं बरं, असं वाटलं.

रविवारी वरंधला ताईकडे जेवायला गेलो आणि सांगून टाकलं. दाजींचा घास हातातच राहिला.

"आमच्याच पोटावर पाय का?" ते म्हणाले. "धूर काय तुमच्याच कारखान्याचा हाय? वीजवाले हायत, सिमेंटवाले हायत, पोलादवाले हायत. त्यांना सांग ना आधी!"

त्यांचं काही खोटं नव्हतं. मी म्हणालो, "मोठ्यांनी आधी करायलाच हवं, दाजी. वीजवाल्यांनी तर सगळ्यांच्या आधी. पण सिमेंटचं अवघड आहे. चुनखडी भाजली की दगडातूनच हवा तापवणारा वायू निघतो, खाली जळण कुठलंही घाला. आम्हाला नुसती वाफ लागते. ती भुशावरही होते. ज्याला सोडणं सोपं, त्याने कशाला थांबायचं?"

"तुला सोपं," ताई म्हणाली. "आमाला नाय रे."

रागाने नव्हे, माझ्या ताटात भाकरी वाढता वाढता म्हणाली. ते फार लागलं. बिरवाडीला, कारखान्याजवळच्या आमच्या खोलीवर परतल्यावर मी ते बायकोलाही सांगितलं.

पुढे कांड्या आल्या, पण वाफेचा दाब काही टिकेना. घाटावरून पावसात येताना ताडपत्री नीट न बांधल्यामुळे माल भिजत होता. ओल्या कांड्या नुसत्या धुमसायच्या. साहेब वैतागून म्हणाले, "असंच चाललं तर पुन्हा कोळसाच आणावा लागेल."

मी म्हणालो, "साहेब, माल कोरडा आणणारा माणूस माझ्या माहितीत आहे. नात्यातला आहे, ते आधीच सांगतो. एक खेप देऊन बघा."

दाजी आधी तयारच होईनात. "भुसा वाहू मी?" शेवटी ताईनेच त्यांना बाहेर काढलं. भर पावसात त्यांनी गाडी आणली. ताडपत्री सोडली, मी हात घातला, तर आतला माल खडखडीत कोरडा. त्या दिवशी वाफेच्या दाबाचा काटा जागचा हलला नाही.

आता त्यांची खेप कायमची आहे. घाट लांब पडतो, ही तक्रार रोजची. पण गाडी रिकामी होईपर्यंत ते आमच्या खोलीवर येतात, बायको सुकटीची चटणी करते आणि जेवून ते तिथेच पंख्याखाली आडवे होतात. परवा ताई बायकोला फोनवर म्हणाली, "कोळशाची काळी नाय, यांचे कपडे आता एका पाण्यात निघतात गो," आणि बायको हसत सुटली. मी डबा घेऊन दुसऱ्या पाळीला निघालो.