तिसऱ्या वर्गातली मीटिंग

त्या रविवारी दुपारी स्कूटर सुरू करताना गुणाजी असा अधीर झाला होता, की जणू त्याचंच लग्न आहे. लग्न भाचीचं होतं, आरोहीचं, आणि संध्याकाळी हळद होती. त्यांच्या घराण्याची रीत अशी, की हळदीला दारूचा पहिला पेला देवाच्या नावाने मामाने भरायचा आणि मामानेच प्यायचा, मग पाहुण्यांनी. आरोहीला मामा एकच, ट्रेलर चालवणारा गुणाजी. आणि आज त्याला दारू सोडून एकोणीस दिवस झाले होते.

याआधी त्याने दोनदा सोडली होती. दोन्ही वेळा कुणाच्या तरी हळदीतच पेला परत हातात आला. दुसऱ्या खेपेनंतर मालकाने क्लीनरसमोर त्याच्या हातातून गाडीची चावी काढून घेतली होती.

म्हणून सकाळी प्राप्तीने, त्याच्या मुलीने, मोबाईलवर शोधून एक नंबर काढून दिला, तेव्हा तो उभ्या उभ्याच बोलला. पलीकडच्या माणसाने ना आडनाव विचारलं, ना किती प्यायचात ते. दारू सोडलेली माणसं दर रविवारी चार वाजता शाळेत भेटतात, या, एवढंच म्हणाला. उरणात अशी माणसं आहेत आणि ती एकत्र बसतात, हे गुणाजीला रस्त्यात उभं राहून ओरडून सांगावंसं वाटलं. त्याने बायकोला सांगितलं. तिने दोन्ही वेळच्या शपथा ऐकल्या होत्या. तरी तिने इस्त्रीचा शर्ट काढून दिला.

मिठागरांच्या कडेने जाताना तो हेल्मेटच्या आत तिथे बोलायचं वाक्य पाठ करत राहिला: मी गुणाजी, मी दारुडा आहे.

शाळेत पहिल्याच वर्गाबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत पन्नासेक पुरुष पोरांच्या बाकांवर दाटीवाटीने बसलेले. एवढी माणसं! गुणाजीला भरून आलं. दाराशी वही होती: नाव, गाव, सर्व्हे नंबर, सही. दुसऱ्या मुलखातला माणूस इथेच थबकला असता, दारूचा आणि सर्व्हे नंबरचा काय संबंध म्हणून. पण गुणाजी लहान असताना गावच्या जमिनी बंदराला गेल्या, आणि तेव्हापासून कुठल्याही सभेला गेलं की सर्व्हे नंबर लिहायचाच. त्याने तो तोंडपाठ लिहिला आणि पुढच्या बाकावर जाऊन बसला. समोर खुर्चीत त्याच्या गावचे म्हातारे बुधाजी. हेसुद्धा?

बुधाजींनी विचारलं, कुणाला बोलायचंय का. गुणाजीचा हात वर गेला.

“मी गुणाजी,” तो उभा राहून म्हणाला. “मी दारुडा हाय. एकोनीस दिस थेंब घेतला नाय. आज भाचीची हलद हाय, नि मना भ्या वाटतंय.”

बुधाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“पोरा, ही जमिनीची मीटिंग हाय. तुला पायजे ती तिसऱ्या वर्गात.”

हशा उसळला. कुणी म्हणालं, याचाच ठराव आधी घ्या, आपला काय आज होत नाय. गुणाजीला बाकाखाली शिरावंसं वाटलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून भिकू उठला. भिकू मंडप घालायचा, आजच्या हळदीचा मंडपही त्याचाच.

“थांब,” तो म्हणाला. “मी पन येतंव.”

हशा जागीच थांबला.

व्हरांड्यात भिकूने सांगितलं, की चार रविवार तो त्या तिसऱ्या वर्गासाठीच येतोय, आणि दर वेळी पाय पहिल्या वर्गात वळतात. जमिनीच्या सभेत बसलेल्याला का आलास म्हणून कुणी विचारत नाही.

तिसऱ्या वर्गात सातच जण होते, त्यात एक बाई, आणि किटलीत चहा. वही नव्हती. गुणाजीने आपलं वाक्य पुन्हा म्हटलं. या खेपेला नुसत्या माना हलल्या. भिकूही बोलला, खाली बघत. मग गुणाजीने हळदीचं विचारलं, तसे सगळे एकदम सांगू लागले: रिकाम्या पोटी जाऊ नको, हातात पाण्याचा पेला धरून ठेव, मन वळायला लागलं की फोन कर, जेवत असलो तरी उचलू. परतताना मागे भिकूला बसवून गुणाजी इतका बोलत होता, की ओळखीचं वळण दोनदा चुकला.

सात वाजता मंडपात पाऊल टाकलं आणि त्याला दिसलं, जमिनीच्या सभेतली निम्मी माणसं इथेच बसली होती. एका चुलतभावाने हाक दिली, या दारुडे, या. आता लपवायचं काही उरलंच नव्हतं.

आवडाबाई, त्याची थोरली बहीण, आरोहीची आई, ताट घेऊन समोर आली. ताटात बाटली आणि रिकामा पेला.

“सगल्या गावासमोर बोललास,” ती म्हणाली. “मना का नाय सांगितलास?”

“तुझीच जास्त भीती वाटली, बाय.”

तिने बाटली उचलून मागच्या बाईच्या हातात दिली. “मान तुझाच हाय. काय भरायचा ता तू ठरव. देव काय पेल्यात डोकावत नाय.”

गुणाजीने कोकम सरबताच्या पिंपात पेला बुडवला. तो एवढा काठोकाठ भरला होता, की अर्धं इस्त्रीच्या शर्टवर सांडलं. उरलेलं त्याने जुन्या सवयीने एका दमात घशाखाली घातलं. बेंजोपार्टी वाजू लागली. बाटल्या त्यांच्या वाटेने फिरू लागल्या, आणि तो भिकूला घेऊन आधी जेवायला बसला.

हात धुतल्यावर त्याने सकाळचाच नंबर लावला. पलीकडचा माणूस घाबरून विचारू लागला, काय झालं, कुठे आहेस?

“काय नाय झाला,” बेंजोच्या वर आवाज चढवत गुणाजी म्हणाला. “ताच सांगाला फोन केलाय.”