नारळ राहिला

साकोलीत लाईन गेली की शेजारच्या दुकानातला जनरेटर सुरू होतो. त्या डिझेलच्या वासानं मी दरवेळी भर समुद्रात बंद पडलेल्या त्या क्रूझवर जाऊन पोचतो.

आम्ही ढिवर, तलावात मासे धरणारे. तलावात डोंगा घालण्याआधी आई पाण्याला नारळ वाहायची. क्रूझसाठीही तिनं नारळ घेतला होता. बंदरावरच्या तपासणीत तो काढून घेतला, तेव्हा मी हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी इंजिन थांबलं. एसी, लिफ्ट, संडासातलं पाणी, सगळंच बंद. मी दुपारभर काउंटरवर भांडत होतो आणि कोणी धड उत्तर देत नव्हतं. आई माझी बाही ओढत होती.

"त्यायले कायले बोलून राहिला, बापू? माह्यामुळंच झालं. नारळ राहिला ना."

"जहाज नारळावर चालते का, आई? चूप बस ना आता."

मला ते खूळ वाटलं. अख्ख्या जहाजाचा भार ती स्वतःवर घेऊन बसली होती, हे आज दिसतं.

संध्याकाळी दिवे आले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. गावी परतल्यावर मात्र आईनं डोंग्यात पाय ठेवला नाही. इंजिनच बिघडलं होतं, हे मी तिला कितीदा समजावलं. ती मान डोलवायची, आणि शेवटपर्यंत काठावरूनच तलाव पाहत राहिली.