पाण्यापुढची वाट

भर दुपारी रस्ता धरणाच्या पाण्यात शिरला आणि दिसेनासा झाला. मी गाडीतून उतरलो. मोबाइलमधली बाई मात्र त्याच गोड आवाजात सांगत होती, "सरळ जा. दोनशे मीटरवर देऊळ आहे." समोर नुसतं पाणी, एक तरंग नाही.

काठावर एक आजोबा म्हशी राखत बसले होते. मी वैतागून विचारलं, "इथं देऊळ कुठाय हो?"

"हाय की म्होरंच. गावासंगं बुडालं. माझं लगीन तिथंच लागलं." त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "बूट तेवढे काढा. देवाच्या दारात हाय तुमी."

नकाशाला बुडणं कळत नाही. आजोबांना कळलं होतं, तरी दोघांचा रस्ता एकच होता. वाटलं, आपल्याही मनात अशा किती वाटा चालू असतील.

ते अनवाणीच होते. त्यांच्या वहाणा मागे बाभळीखाली होत्या. शेजारी आणखी चार-पाच जोड, नीट ओळीने मांडलेले, धूळ बसलेले. काठावर तर आम्ही दोघंच.

"हे कुणाचे?"

"दर्शनाला गेल्यात. येतील," पाण्याकडे बघत ते म्हणाले.

मी बूट काढले. पण खाली ठेवले नाहीत. हातातच घट्ट धरले.