माझ्या लॉगिनला न दिसणारे रकाने

"तोंड भिंतीकडे कर."

साहेब रोज सकाळी हे म्हणायचे. त्यांना पासवर्ड टाकायचा असायचा. मी खुर्ची फिरवायची. समोर ओल धरलेली भिंत, मागे बटणांची टकटक. "हं" असा आवाज आला की वळायचं.

निखिल माझ्या शेजारी बसायचा. माझ्यासारखाच कंत्राटी ऑपरेटर, माझ्याच महिन्यात लागलेला. तो साहेबांच्या खांद्याशी उभा राहून चहा प्यायचा. त्याला कुणी भिंत दाखवली नाही. एकदा मी विचारलं, "साहेब, मीच का?"

"निखिल घरातला आहे. तुमच्या लोकांच्या हाती काही लागलं की संध्याकाळी पाड्यावर जातं."

निखिल हसला. मी खुर्ची फिरवली. दीड वर्ष फिरवत राहिले. ही लाज माझी आहे, ती आधी लिहून टाकते.

डहाणूतलं ऑफिस. वनजमिनीच्या दाव्यांचं काम. माझा पाडा तलासरीकडे. आमची माणसं आजा-पणजापासून जो उतार कसतात, त्याच्या हक्काच्या पट्ट्यासाठी त्यांनी दावे भरले होते. दावा उघडला की माझ्या लॉगिनला नाव दिसायचं, गाव दिसायचं, क्षेत्र दिसायचं. पुढे एकच ओळ: प्रक्रियेत आहे. त्यापुढचं काही माझ्यासाठी नव्हतं. साहेबांच्या लॉगिनला होतं. त्यांचा पडदा माझ्याकडे पाठ करून ठेवलेला असायचा.

खिडकीवर जान्याकाका यायचा, बापाचा चुलतभाऊ. पहिली एसटी धरून यायचा. काचेला कपाळ टेकवून विचारायचा, "पोरी, आमचा काय झाला गं?"

"प्रक्रियेत आहे, काका."

मागून काशीकाकी रांगेला ऐकू जाईल असं म्हणायची, "आमची पोर हापिसात बसलीय. आता कोण काय करतंय!" आणि काचेखालून वालाच्या शेंगांची पिशवी आत सरकवायची.

मी शेंगा घ्यायचे. मी काही खोटं सांगत नव्हते. पडद्यावर होतं तेच वाचत होते. असं मी स्वतःला समजावायचे.

एका गुरुवारी साहेबांनी यादी दिली. अकरा दावे. सगळे आमच्या पाड्याचे.

"सोमवारी पाच वाजले की एकेक उघडून बंद करायचा. तोवर हात लावायचा नाही."

"बंद कशाला, साहेब? ते प्रक्रियेत आहेत ना?"

"तुझ्या लॉगिनला दिसतं तेवढं बघ. बाकीचं बघायला माणसं आहेत."

म्हणजे मी माणूस नव्हते.

दुपारी साहेब मीटिंगला पालघरला गेले. मी त्या अकरा दाव्यांची फाइल सिस्टीममधून एक्सेलमध्ये उतरवून घेतली. नावं जुळवायला आम्ही ऑपरेटर हे रोज करतो. आज पहिल्यांदा वरची अक्षरं नीट पाहिली. सी रकान्यानंतर एकदम एच. मधले चार कुठे गेले? ते काढलेले नव्हते. नुसते मिटून ठेवले होते. माऊसचं उजवं बटण दाबलं, मग डावं. चारही उघडले.

निकाल: नामंजूर. कारण: अर्जदार सुनावणीस गैरहजर. नोटीस: मोबाइलवर पोहोचली. अपिलाची शेवटची तारीख: सोमवार.

नोटिशीच्या रकान्यात अकरा जणांपुढे एकच नंबर होता. तो माझा होता.

दावे भरले तेव्हा मी बारावीत होते. पाड्यावर चालणारा फोन एकच, माझा. तोही टेकडीवरच्या ताडाखाली उभं राहिलं तरच लागायचा. अर्जात मोबाइल नंबर मागितला होता. प्रत्येक जण म्हणाला, "तुझाच लिव." आमच्याकडे असंच असतं. एकाची विहीर सगळ्यांची, एकाचा फोन सगळ्यांचा. मी अकरा वेळा माझा नंबर लिहिला. मग शिकायला डहाणूला आले, नवं सिम घेतलं, जुनं बंद पडलं. सुनावणीच्या नोटिसा त्या मेलेल्या सिमवर गेल्या.

अकरा माणसांचा एकच नंबर. सुनावणीला एकही हजर नाही. कुणालाच संशय आला नाही? की आला, आणि म्हणूनच रकाने मिटले?

तेवढ्यात पडद्याच्या तळाशी लाल ओळ आली: फाइल उतरवणाऱ्याची नोंद घेतली आहे. पुढे माझं नाव.

निखिल शेजारून म्हणाला, "बंद कर ते. तुला काही दिसलं नाही, मला काही दिसलं नाही."

मी अक्षरं शिकले ती बापाने मोर्च्यातून आणलेल्या पत्रकांवर. पत्रकात सगळं मोठ्या अक्षरात असतं, रस्त्यावरच्या कुणालाही वाचता येईल असं. मी वही काढली. चारही रकाने उतरवून घेतले.

शुक्रवारी रजा टाकली. सकाळीच पाड्यावर सगळ्यांना बसवून वाचलं. नंबर माझा होता, हेही वाचलं.  काशीकाकी म्हणाली, "आमी तुला खिडकीवर इचारत होतू, तवा तू काय वाचत होतीस?"

मी वहीचं पान उलटलं आणि पहिलं अपील लिहायला घेतलं. 

सोमवारी अकरा जण अकरा अपिलं घेऊन ऑफिसात आले. साहेब म्हणाले, "ऑनलाइन करा."

मी म्हणाले, "अर्जदारांच्या लॉगिनला अपिलाचं बटणच नाही. कागद घ्या, शिक्का द्या."

"तू कुठल्या बाजूला बसतेस, कळतंय का?"

मी उठले. दार उघडून बाहेर आले आणि रांगेत शेवटी उभी राहिले. कुणी हललं नाही. साडेचारला आवक क्लार्कने शिक्का उचलला. काकी त्याला म्हणाली, "ठसठशीत मार रं दादा. नाय तर उद्या तोबी दिसायचा नाय."

मंगळवारी माझं लॉगिन बंद झालं. त्या आठवड्यात एक मोटारसायकलवाला दोनदा पाड्यावर आला. माझं घर विचारलं. काकाने दिलेलं पाणी घेतलं नाही. दाराचा फोटो काढला आणि गेला. अपिलांची सुनावणी अजून लागलेली नाही.

मग मला चौकशीला बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता: सदर माहिती माझ्याकडून अनवधानाने उघडली गेली.

"सही कर," साहेब म्हणाले. "नोकरी वाचेल. नाही तर गुन्हा दाखल होईल. तुझ्याच भल्याचं सांगतोय."

मी 'अनवधानाने' खोडलं. वर लिहिलं, 'जाणूनबुजून'. खाली लिहिलं: ज्यांची माहिती होती, त्यांना ती वाचून दाखवली. पुन्हा दिसली तर पुन्हा दाखवीन. मग पूर्ण नावानिशी सही केली.

आता गुन्हा दाखल होणार म्हणतात. होऊ दे. मी काय चोरलं हे सांगायला त्यांना ते चार रकाने कोर्टात उघडावे लागतील. मी तिथे उभी असेन. मोठ्याने वाचीन.